बुधवारचे कान

रविवारी घरी टोचलेला कान बुधवारी माझ्याकडे येतो. सोमवारी तो नुसता ठणकतो, आणि टोचल्यावर ठणकणारच असं म्हणून घरातले सोडून देतात. मंगळवारी पाळी लाल होते, तिला हळद फासली जाते. बुधवारी सकाळी उशीच्या अभ्र्यावर पिवळा डाग दिसतो, मग आई मुलीला घेऊन दुकानाची पायरी चढते. चढते खरी, पण लगेच बोलत नाही. आधी पैंजण दाखवा म्हणते, आजचा भाव विचारते, दुसरं गिऱ्हाईक असेल तर ते जाईपर्यंत रेंगाळते. मुलीचे केस कानावर ओढून घेतलेले असतात. त्या केसांवरूनच मला कळतं.

कराडला सोनाराच्या घरात मी लग्न होऊन आले त्याला ३३ वर्षं झाली. माहेरही सोनाराचंच, पण तिथं बायकांनी दुकानात बसायची रीत नव्हती. इथं मामंजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला, बारीक तार दिसेना, आणि आमच्या ह्यांना कान टोचायच्या कामाची आवड नव्हती. एक दिवस मामंजी म्हणाले, "सूनबाई, उद्यापासून बाळाचं डोकं तुम्ही धरायचं." पहिले सहा महिने मी फक्त डोकी धरली. हातात तार दिली ती त्यानंतर, आणि तीही आधी कोरफडीच्या पानावर. आत शिरलेली तार पलीकडे सरळ निघते की तिरकी, हे पानाच्या दोन्ही बाजू उलटसुलट करून ते तपासायचे. तिरकी निघाली तर पान टाकायचं, दुसरं घ्यायचं.

त्यांची पद्धत जुनी होती. २२ कॅरेटच्या तारेचा बोटभर तुकडा घ्यायचा, ताव देऊन मऊ करायचा, एक टोक कानशीनं घासून अणकुचीदार करायचं. हीच सुई आणि हाच दागिना. पाळीतून पार केली की तिथंच गोल वळवून टोक गुंडाळून टाकायचं. भोक आणि तार एकाच जाडीची, त्यामुळे सुई काढून मग दागिना शोधत घालायचा प्रकारच नाही. पण तारेच्याही आधीचं एक काम होतं, आणि त्याला ते सगळ्यांत जास्त वेळ द्यायचे. बाळाला अंगणात न्यायचं आणि पाळी उन्हाकडे धरायची. उन्हात पाळी आतून गुलाबी दिसते, तिच्यात शिरांच्या बारीक रेघा दिसतात, आणि त्या रेघांच्या मधे एक फिकट, मोकळी जागा असते. मामंजी तिला 'देवाची जागा' म्हणायचे. टोचायचं ते तिथंच.

पुष्कळ वर्षांनी सुश्रुतसंहितेचं मराठी भाषांतर माझ्या हातात पडलं. त्यात कर्णवेधाचा भाग वाचताना मी थबकले. मूल मांडीवर घ्यावं, कान उन्हाकडे धरावा आणि 'दैवकृत' छिद्राच्या जागी, जिथून सूर्याचा उजेड आरपार दिसतो तिथं, सरळ वेध घ्यावा असं त्यात आहे. मामंजी चौथीपर्यंत शिकलेले. त्यांनी ती पोथी कधी पाहिली नव्हती. पुढं त्यात चुकीच्या जागी टोचलं तर काय होतं तेही आहे. कालिका, मर्मरिका आणि लोहितिका अशा तीन शिरा सांगितल्या आहेत. कोणती दुखावली तर ताप आणि सूज, कोणती दुखावली तर गाठी, कोणती दुखावली तर मान आखडणं आणि झटके. हे शेवटचं वाचताना मला धनुर्वातच आठवला. फाटलेली पाळी जोडायचे पंधरा प्रकारही त्याच ग्रंथात आहेत. कान टोचणं त्या काळीही बिघडत होतं, म्हणून तर दुरुस्तीचे एवढे प्रकार लिहून ठेवावे लागले.

प्रत्यक्ष टोचायला तीन-चार सेकंद लागतात. बघणाऱ्याला तेवढंच दिसतं, आणि मग वाटतं, यात काय आहे, हे तर घरी होईल.

घरी काय होतं ते सांगते. कॉलेजच्या दोन मैत्रिणी होत्या. एकीनं दहा मिनिटं बर्फ लावला, दुसरीनं सेफ्टी पिन मेणबत्तीवर धरली, पाळीच्या मागे बटाट्याची चकती ठेवली आणि दाबलं. बर्फानं वरची कातडी बधिर होते, पण पाळी कडकही होते. पिनेचं टोक बारीक असलं तरी अंग भरीव आणि जाड असतं. ती कापत जात नाही, मांस बाजूला रेटत जाते. निम्म्यावर गेल्यावर कळ आली. हात थांबला. मैत्रिणीनं पिन थोडी मागे घेऊन पुन्हा दाबली, आणि या वेळी कोन बदलला. माझ्याकडे आली तेव्हा त्या पाळीला समोरून एक भोक होतं आणि मागून दोन. अशी पाळी मी त्याआधी आणि त्यानंतरही अनेकदा पाहिली आहे. आतल्या आत दोन वाटा तयार होतात, दागिना दरवेळी भलत्याच वाटेला लागतो, आणि प्रत्येक वेळी जखम नव्यानं उघडते. ज्योतीवर धरलेल्या पिनेला काजळी धरते ती वेगळीच. आणि बटाटा! तो मातीतून येतो, आणि धनुर्वाताचे जंतू मातीतच सुप्त रूपात वर्षानुवर्षं पडून असतात. त्या रूपात ते उकळत्या पाण्यालाही सहजासहजी दाद देत नाहीत. कापलेल्या चकतीचा ओला भाग त्या मुलीच्या ताज्या जखमेला लागून होता.

खेड्यांतून अजून सुईदोऱ्यानं टोचतात. सुती दोरा भोकात ठेवून गाठ मारतात, किंवा केरसुणीची काडी घालून ठेवतात. दोरा पू शोषून घेतो आणि तिथंच धरून ठेवतो. केरसुणीच्या काडीबद्दल मी अधिक काही लिहीत नाही. ती काडी आदल्या दिवशी कुठं फिरली होती ते घरातल्या बाईला माहीत असतंच.

अलीकडं गन आली आहे. ऑनलाइन मागवतात, सोबत खडे असतात, खोक्यावर हसऱ्या बाळाचा फोटो असतो. तीन वर्षांची एक पोर अशी गन कानाला लटकलेली घेऊनच आईच्या कडेवर आली होती. चाप ओढताना तिनं मान झटकली, खडा अर्धा गेला आणि गनचा जबडा पाळीवर अडकला. रडून रडून तिचा आवाज बसला होता. तो जबडा पक्कडीनं मोडून सोडवताना माझ्या हातांना जो घाम सुटला तो मला आठवतो. या गनमध्ये स्प्रिंग असते, ती बोथट खडा धक्क्यानं आत लोटते. पाळीचं मांस फाटतं, चेंगरतं. पुढचा प्लास्टिकचा भाग दवाखान्यातल्यासारखा उच्च दाबाच्या वाफेत निर्जंतुक करता येत नाही, तो वितळेल. आणि मागची फिरकी घट्ट बसते. टोचल्यावर पाळी सुजणार हे ठरलेलं आहे, तिला फुगायला जागा लागते. एका मुलीच्या कानामागची फिरकी दिसेना, म्हणून आईला वाटलं पडली असेल. नवी आणायला ती माझ्याकडे आली. मी पाळी चिमटीत धरली आणि बोटांना आत टणक लागलं. फिरकी पडली नव्हती. कातडी तिच्यावरून वाढत जाऊन बंद झाली होती. डॉक्टरांना छेद घेऊन काढावी लागली.

या गोष्टी सांगताना मी माझ्याही चुका सांगितल्या पाहिजेत, नाहीतर सांगण्याला अर्थ राहणार नाही.

पहिली नऊ-दहा वर्षं मी मोठ्या मुलींचे कान एकाच जाड सुईनं टोचत होते. लहान बाळांना प्रत्येकी नवी तार असे, पण मोठ्यांची पाळी जाड, तिथं आधी सुईनं वाट करायची आणि मग तार घालायची. सुई स्पिरिटच्या बोळ्यानं पुसली की झालं, असं मला वाटे. मामंजी तर लिंबू चोळायचे. कावीळ ब चा विषाणू शरीराबाहेर सात दिवस तग धरू शकतो, हे मला एका नर्सनं सांगितलं. ती स्वतःच्या मुलीचा कान टोचायला आली होती आणि माझी सुई बघून तिनं मुलीला मागे ओढलं. मला राग आला होता. रात्री झोप लागली नाही. त्या दहा वर्षांत सुईखालून किती जणी गेल्या ते मी मोजायला लागले आणि मोजता मोजता थांबले. दुसऱ्या दिवशी मेडिकलमधून बंद पाकिटातल्या सुया आणल्या. एक कान, एक सुई, मग ती जाड प्लास्टिकच्या डब्यात. त्यात आजवर फरक केलेला नाही.

दुसरी चूक यापेक्षा मोठी.

गणेशचतुर्थीच्या आदल्या दिवशी एक तरुण भिकबाळी घालायला आला. ढोल-ताशा पथकात होता, पथकातल्या चौघांच्या कानात होती. भिकबाळी म्हणजे पेशवाईपासून चालत आलेला पुरुषाचा दागिना, उजव्या कानाच्या वरच्या भागात घालायचा. तो भाग कडक असतो. पाळीसारखं मांस तिथं नाही. मला त्यातला फरक तेव्हा हाताला कळत होता, डोक्याला कळत नव्हता. मी पाळी टोचते तशीच ती कड टोचली, खोबरेल आणि हळद लावायला सांगितली आणि पाठवून दिलं. दहा दिवस तो ढोल वाजवत होता. अनंतचतुर्दशीला कृष्णेत कमरेएवढ्या पाण्यात उतरून त्यानं मंडळाचा गणपती पोचवला, डोकं बुडवून अंघोळ केली. तीन दिवसांनी कानाचा वरचा अर्धा भाग टोमॅटोसारखा लाल आणि तंग झाला. खालची पाळी मात्र जशीच्या तशी होती.

हाच हे दुखणं ओळखायचा मार्ग, हे मला नंतर कळलं. त्याच्या घरच्यांनी चार दिवस घरगुती उपाय केले, मग साध्या गोळ्या घेतल्या, मग कानाच्या डॉक्टरांकडे गेले. छेद देऊन पू काढावा लागला. कान वाचला, पण वरची कड विरघळून आत दुमडली. अजून तो मला बाजारात दिसतो. केस कानावर येतील एवढे वाढवतो. त्याची आई भांडायला आली नाही. ती बाकावर बसली आणि एवढंच म्हणाली, "वहिनी, तुमच्या हातावर भरवसा ठेवून पाठवला होता."

मी त्या डॉक्टरांकडे गेले. म्हटलं, मला ओरडा, पण समजावून सांगा. त्यांनी कागदावर कान काढून दाखवला. वरच्या भागात कूर्चा असते. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिच्यावर पातळ आवरण असतं आणि त्या आवरणातून तिला पोषण झिरपत येतं. आत पू साठला की तो आवरणाला कूर्चेपासून सुटं करतो, मग कूर्चा उपाशी राहून मरते, आणि मेलेली परत भरून येत नाही. इथं बहुतेकदा जो जंतू शिरतो त्याचं नाव स्यूडोमोनास. तो पाण्यात, ओलीत राहतो आणि नेहमीच्या गोळ्यांना बधत नाही. पाळी सहा-आठ आठवड्यांत भरते, कूर्चेला कित्येक महिने लागतात, कधी वर्ष. आणि मी त्या पोराला दहा दिवसांत नदीत उतरू दिलं होतं. म्हणजे, उतरू नकोस हे सांगायचं मला सुचलंही नव्हतं.

तेव्हापासून पाळीच्या वर मी सुई लावत नाही. तेल-हळदही थांबवली. तेलावर धूळ बसते. उकळून गार केलेल्या पाण्यात लिटरला नऊ ग्रॅम मीठ, त्या पाण्यानं दिवसातून दोनदा पुसायचं, हात साबणानं धुऊन. दागिना उगाच फिरवायचा नाही. पू झाला तर दागिना घाईनं उपसून काढायचा नाही, तोंड मिटतं आणि पू आत कोंडतो. काढायचा की ठेवायचा हे डॉक्टर ठरवतील.

बाळांच्या बाबतीत मामंजींशी माझा वाद झाला, आयुष्यातला एकच. आमच्याकडे बाराव्या दिवशी कान टोचतात. सोनारानं घरी जायचं, बाळाला पाटावर घेऊन बसायचं, मग नारळ-तांदूळ-दक्षिणा. पण धनुर्वाताविरुद्धचा बाळाचा स्वतःचा पहिला डोस सहाव्या आठवड्यात असतो, मग दहाव्या, मग चौदाव्या. बाराव्या दिवशी त्याच्याजवळ आईकडून आलेलं असेल तेवढंच बळ. मी म्हटलं, चौदाव्या आठवड्यानंतर टोचू. ते म्हणाले, रीत मोडायची नाही. मग मी त्यांना सुश्रुताचं आणि वाग्भटाचं वाचून दाखवलं. एकानं सहावा-सातवा महिना सांगितलाय, दुसऱ्यानं सहावा ते आठवा, तोही थंडीच्या दिवसांत. ते बराच वेळ गप्प बसले. शेवटी त्यांनीच तोड काढली. बारशाला जायचं, सोन्याची तार पाळीला नुसती टेकवायची, आणि तीच तार डबीत घालून आईच्या हाती द्यायची. टोचायचं सहाव्या महिन्यात. आज आमच्या गिऱ्हाइकांत निम्म्याहून अधिक घरं असंच करतात.

आणखी एक सवय मी लावून घेतली. टोचण्याआधी मुलीच्या आणि आईच्या दंडावरचा बीसीजीचा वण बघते. काहींचा वण सपाट असतो, काहींचा जाड, चकचकीत, जखमेपेक्षा मोठा फुगलेला. अशांच्या कानावर टोचल्यावर गाठ वाढू शकते, बोराएवढी, कधी त्याहून मोठी, आणि नुसती कापली तर पुन्हा वाढते. अशा एका मुलीचं लग्न ठरलं होतं. तिनं घरी दुसरं भोक पाडून घेतलं होतं. तिच्या आईच्या गळ्यावर तशीच गाठ होती, पण ती डोरल्याच्या घासण्यानं झाली असं सगळं घर धरून चाललं होतं.

धातूबद्दल एकच. घरी टोचून लगेच बेन्टेक्सचे किंवा साधे टॉप्स घालतात. त्यात निकेल असतं, आणि निकेल ताज्या जखमेला लागलं की पुष्कळांना कायमची खाज मागे लागते. सोनं विकायचं म्हणून मी सांगत नाही. ऐपत नसेल त्यांना मी अर्ध्या ग्रॅमच्या आतली तार उसनी घालते, जखम भरल्यावर परत आणून देतात.

एवढं सगळं शिकून मी स्वतःला जाणती समजत होते. मग आमची मुलगी पुण्याला शिकायला गेली. होस्टेलवर राहायची. त्या वर्षी दिवाळीला आली ती केस मोकळे सोडून. नरकचतुर्दशीला पहाटे तिला तेल लावत होते. डोक्यावरून हात कानाकडे गेला आणि तिनं अंग चोरलं. उजव्या कानाच्या वरच्या कडेला मटाराएवढी गाठ, भोवती लाल. दुकानात रोज जे केस मला कळतात, ते घरात कळले नव्हते.

चार मैत्रिणींनी मिळून टोचले होते. शिवणकामाची सुई, आणि तीही एकच. एकीचा झाला की कापसानं पुसून दुसरीचा. मी तिला तशीच तेलकट अंगानं उठवून डॉक्टरांच्या घरी नेलं, भल्या पहाटे दार वाजवलं. पू फारसा झाला नव्हता. बाळी काढली, दोन आठवडे गोळ्या घेतल्या, कान वाचला. चौघींच्या रक्ताच्या तपासण्या केल्या, काही महिन्यांनी पुन्हा केल्या. सगळ्या चांगल्या निघाल्या. ते मधले महिने मी कसे काढले ते देवाला माहीत.

परत येताना रिक्षात मी तिला विचारलं, "घरात आई हेच काम करते, आणि तुला मला विचारावंसं वाटलं नाही?" ती म्हणाली, "तू नाही म्हणाली असतीस."

खरं होतं. दुकानात मी पाटीच लावली होती, कानाचा वरचा भाग टोचून मिळणार नाही. माझ्या लेखी ती पाटी म्हणजे प्रायश्चित्त होतं. पण ती वाचून किती मुली पायरीवरूनच परत गेल्या आणि सुईदोऱ्याच्या डब्याकडे वळल्या, हे मी कधी मनात आणलं नव्हतं. घरी टोचून बिघडवून आलेल्यांना तर मी बोलायचे. सोनारानं कान टोचावेत असं म्हणतात ते उगाच का, असं ऐकवायचे. म्हणून त्या पैंजण बघत बसायच्या. म्हणून रविवारचा कान बुधवारपर्यंत लांबायचा.

पाटी मी काढली. वरचा भाग अजूनही टोचत नाही, पण विचारायला येणारीला बसवते, कूर्चेचं चित्र काढून दाखवते, काम करणाऱ्या डॉक्टरांचं नाव देते, सुईचं पाकीट आपल्यासमोर फोडायला सांग म्हणते. काही जणी ऐकून विचार सोडतात, काही जातात. बिघडवून आलेल्या कोणालाही त्या दिवाळीनंतर मी रागावलेले नाही.

मागच्या महिन्यात, बुधवारच होता, शाळेच्या गणवेशातली एक मुलगी एकटीच आली. आठवीत असेल. चांदीची सगळ्यांत लहान बाळी केवढ्याला, विचारलं. मी बाळी काढली नाही. तिला पाणी दिलं, हात धुतले आणि म्हटलं, "दाखव. मी रागावत नाही." तिनं केस मागे घेतले. डावी पाळी सुजली होती, आत काळा दोरा. उजवी टोचायची राहिली होती, तिच्यावर निळ्या पेनचा ठिपका अजून तसाच होता. मी तिला दारात उजेडाकडे वळवलं. ठिपका बरोबर फिकट जागेवर होता.

"ही जागा कोणी दाखवली?"

"मीच शोधली. खिडकीत आरसा धरून."

मी तिच्या आईला फोन लावला. दवाखाना पाच वाजता उघडतो, तोवर आम्ही बाकावर बसलो. तिनं विचारलं, "काकू, दुसरा कान कधी टोचायचा?" मी म्हटलं, हा पूर्ण बरा झाल्यावर, दोन महिन्यांनी, आईला घेऊन ये.

"तोवर ठिपका पुसला जाईल."

"जाऊ दे. जागा माझ्या लक्षात आहे."